विश्वस्तांची भीड

मुलांचा डॉक्टर वारंवार बदलू नये, असे आपल्याकडे सांगितले जाते. आजी सांगते, शेजारी सांगतात, महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात डबा खाताना सहकारीही सांगतात. या सांगण्यात तथ्य आहे आणि त्याकडे आम्ही पुढे वळणारच आहोत. परंतु या वाक्यातील 'वारंवार' हा शब्द कधीचा गळून पडला आणि 'डॉक्टर बदलू नये' एवढा आदेशच उरला. ज्या डॉक्टरांवरचा विश्वास उडाला आहे त्यांच्याच दारात, केवळ इतकी वर्षे जातो म्हणून, तापाने फणफणलेले मूल मांडीवर घेऊन बसणारे आईबाप आम्ही पाहतो. त्यांत शिकलेल्यांची संख्या कमी नाही. कवितेतील एका विरामचिन्हावर तासभर वाद घालणारी आमच्याच व्यवसायातील मंडळी हातात पडलेल्या औषधांच्या चिठ्ठीवर एकही प्रश्न न विचारता दवाखान्याची पायरी उतरतात. या आदेशाला आमचा विरोध आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: प्रौढ माणूस स्वतःच्या प्रकृतीसाठी डॉक्टरवर जो विश्वास ठेवतो तो त्याचा खासगी प्रश्न आहे. तो अंधपणे ठेवावा, उदारपणे ठेवावा, भिडेखातर ठेवावा. परिणाम त्याचे तो भोगेल. मुलासाठी ठेवलेला विश्वास मात्र दुसऱ्याच्या वतीने ठेवलेला असतो. तेथे आईबाप केवळ विश्वास ठेवणारे नसतात, ते विश्वस्त असतात. आणि विश्वस्ताला भीड बाळगण्याचा अधिकार नाही.

१

प्रथम आपली शब्दकळा तपासू, कारण आपल्या व्यवसायाला तेवढेच जमते. 'अमक्यांच्या हाताला गुण आहे', 'त्यांचंच औषध आम्हांला लागू पडतं', 'त्यांच्या हाताला यश आहे'. हातगुण हा शब्द देखणा आहे आणि त्यामागची कृतज्ञताही खरी आहे. पण त्यातला गुण कोठे आहे ते पाहावे. तो हाताला आहे. निदानाला नाही, तपासणीला नाही, समजावून सांगण्याला तर नाहीच. एखादे औषध का दिले, याचे उत्तर मागता येते. हाताला गुण का आला, याचे उत्तर कोणाकडे मागणार? तो असतो किंवा नसतो. ज्या शब्दाने आपण डॉक्टरची थोरवी सांगतो त्याच शब्दाने डॉक्टरला प्रश्न विचारण्याची वाट बुजवून टाकतो.

शिवाय ही कीर्ती ज्या दुखण्यांवर उभी राहते ती दुखणीही पाहावीत. लहान मुलांची बहुतेक सर्दी-पडशी विषाणुजन्य असतात आणि काही दिवसांत आपोआप बरी होतात. विषाणूंवर प्रतिजैविकांचा, म्हणजे ज्यांना आपण अँटिबायोटिक म्हणतो त्या औषधांचा, काहीही परिणाम होत नाही. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलेले मूल पाचव्या दिवशी अंगणात खेळू लागले, की त्याचे श्रेय हाताला मिळते आणि मधल्या दोन दिवसांत पोटात गेलेल्या प्रतिजैविकालाही मिळते. पुढच्या खेपेस आई स्वतःच ते औषध मागते, डॉक्टर ते देतात आणि दोघांचाही एकमेकांवरचा विश्वास दृढ होतो. या दृढ विश्वासात मुलाचा वाटा काय, हे विचारणारे तेथे कोणी नसते.

दुसरा शब्द 'देवमाणूस'. वैद्याला प्रत्यक्ष नारायण मानणारे संस्कृत सुभाषित आपल्या कानांवरून गेलेले असते. पण त्याच परंपरेत वैद्याला यमाचा भाऊ म्हणून नमस्कार करणारे दुसरे सुभाषितही आहे. यम नुसते प्राण नेतो, वैद्य मात्र प्राण आणि पैसा दोन्ही नेतो, असा त्याचा आशय. परंपरेने दोन्ही सुभाषिते जपली. आपण गंभीर प्रसंगांसाठी पहिले आणि विनोदासाठी दुसरे, अशी वाटणी केली. या दोहोंत एक गोष्ट समान आहे: वैद्य हा माणूस नाही. तो देव तरी आहे किंवा यमाचा सगा तरी. २०२० मध्ये सुरू झालेल्या 'देवमाणूस' या दूरचित्रवाणी मालिकेने एका बनावट डॉक्टरच्या खुनी कारवायांच्या कथेला उपरोधाने हेच नाव दिले. देवाचा दानव करणे आपल्याला सोपे जाते. चुकू शकणारा, विचारल्यावर उत्तर देणारा, 'हे मला नीट कळलेले नाही' असे म्हणू शकणारा व्यावसायिक माणूस कल्पिणे आपल्याला कठीण जाते.

याचा परिणाम असा, की डॉक्टरला सोडून जाण्यासाठी आपल्याजवळ सभ्य भाषाच उरत नाही. शिंपी बदलता येतो, वाणी बदलता येतो, मुलाची शिकवणीही बदलता येते. 'डॉक्टर बदलला' हे सांगताना मात्र आवाज खाली येतो. देवाकडून उठून दुसऱ्या देवळात जाणे हे पाखंड ठरते, ते असे.

२

आमचाच अनुभव सांगणे येथे आवश्यक आहे. गावाचे वा व्यक्तीचे नाव मात्र अप्रस्तुत आहे. आमच्या मुलीला आम्ही सहा वर्षे एकाच बालरोगतज्ज्ञांकडे नेत होतो. पहिली काही वर्षे तक्रारीला जागा नव्हती. पुढे गर्दी वाढली आणि तपासणीची मिनिटे घटली. काट्यावर उभे करणे बंद झाले. वजन आम्हांलाच विचारले जाऊ लागले. प्रत्येक सर्दीला तेच प्रतिजैविक, आणि ते दवाखान्याच्या खालच्या दुकानाखेरीज कोठेही न मिळणारे. 'हे कशासाठी?' असे विचारले तेव्हा उत्तर मिळाले, 'तुम्ही मराठी शिकवता ना? ते शिकवा. औषधाचं आम्ही बघतो.' मुलीला एकदा दोन दिवस दाखल केले होते. त्या उपचारांच्या कागदपत्रांच्या प्रती मागितल्या, तर 'फाइल बाहेर देत नाही' असे सांगण्यात आले. आम्ही डॉक्टर बदलला.

हा अनुभव असाधारण नाही, आणि तो असाधारण नाही म्हणूनच येथे नोंदवला. खरा विषय त्यानंतर सुरू होतो. 'इतकी वर्षं त्यांनी बघितलं, त्यांच्या मनाला काय वाटेल?' 'रात्री-अपरात्री दार उघडायचे हो ते.' 'त्यांचा मुलगा तुमच्याच वर्गात आहे, जरा जपून.' 'संस्थेच्या स्नेहसंमेलनाला तेच पाहुणे असतात.' हितचिंतकांच्या या वाक्यांत डॉक्टरांच्या मनाची काळजी होती, आमच्या नोकरीची होती, गावातल्या सलोख्याची होती. मुलीच्या पोटात काय गेले, हे एकानेही विचारले नाही.

यालाच आम्ही भीड म्हणतो. भीड भिकेची बहीण, अशी आपल्याकडे म्हण आहे. भिडेचे नुकसान पूर्वजांना ठाऊक होते. पण त्या म्हणीत नुकसान होते ते भीड धरणाऱ्याचेच. येथे भीड आईबापांची आणि भीक मुलाच्या पदरी, असा व्यवहार आहे. मुलाला 'माझे कोठे दुखते' हे सांगता येत नाही, 'हे औषध घेतल्यावर पुरळ उठले' हे आठवत नाही, 'मला दुसरीकडे न्या' असे म्हणता येत नाही. त्याच्या वतीने हे सारे बोलण्यासाठी आपण असतो आणि नेमके आपणच गप्प राहतो.

'विश्वास' आणि 'विश्वस्त' हे शब्द एकाच धातूतून आले असले, तरी त्यांत मोठे अंतर आहे. विश्वास मनात असतो, विश्वस्ताला हिशेब द्यावा लागतो. १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याने विश्वस्ताकडून ठेवलेली अपेक्षा अगदी साधी आहे: सामान्य समंजस माणूस स्वतःच्या मालमत्तेची जितकी काळजी घेईल तितकी त्याने हाती सोपवलेल्या मालमत्तेची घ्यावी. 'गावात वाईट दिसेल म्हणून मी ठेव बुडू दिली' ही सबब कोणतेही न्यायालय ऐकून घेणार नाही. शेताच्या तुकड्यासाठी कायदा जेवढी दक्षता मागतो, निदान तेवढी तरी लेकराच्या देहासाठी आपण स्वतःकडून मागायला नको काय?

३

'पण डॉक्टरला प्रश्न विचारणारे आपण कोण? आपल्याला त्यातले काय कळते?' हा आक्षेप नम्रतेचा पेहराव करून येतो, म्हणून त्याला तपशिलानेच उत्तर दिले पाहिजे.

मुलांच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते. तापावरचे पॅरासिटामॉल घ्या. एका वेळची मात्रा साधारणपणे दर किलो वजनाला १५ मिलिग्रॅम धरतात. म्हणजे दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम. बाजारात हेच औषध थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम या तीव्रतेचे मिळते. पातळ औषधाच्या एका बाटलीत पाच मिलिलिटरला १२५, तर दुसऱ्या बाटलीत पाच मिलिलिटरला २५० मिलिग्रॅम असते. त्याच मुलाला पहिल्या बाटलीतून दीड, दुसरीतून सहा आणि तिसरीतून तीन मिलिलिटर द्यावे लागेल. आता 'तापाचं औषध एक चमचा द्या' या वाक्याचा अर्थ काय उरला? घरातली थेंबांची बाटली काढून कोणी पाच मिलिलिटरचा चमचा भरला, तर त्या मुलाला तिपटीहून अधिक औषध गेले. यासाठी वैद्यकाची पदवी लागत नाही, चौथीचे त्रैराशिक पुरते. वजन घेतले का, कोणती बाटली, किती मिलिलिटर, किती तासांनी, आणि केव्हा थांबायचे: हे प्रश्न विचारणे हा डॉक्टरचा अपमान नाही, उपचाराचाच तो भाग आहे. जो डॉक्टर या प्रश्नांनी दुखावतो, तो उपचारातला तेवढा भाग टाळतो.

याहून गंभीर उदाहरण २०२५ चे. त्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचे औषध घेतल्यानंतर मूत्रपिंडे निकामी होऊन वीसहून अधिक मुले दगावली. छिंदवाडा नागपूरला जवळ. त्यांतील अनेक मुलांना उपचारांसाठी नागपूरलाच आणले होते आणि काहींनी तेथेच प्राण सोडला. औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य निघाले. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरॉलमुळे चौदा रुग्ण दगावले आणि न्या. लेंटिन आयोगापुढे औषध-नियंत्रणाची लक्तरे निघाली, तेव्हाही विष हेच होते. मधल्या चार दशकांत आपण काय शिकलो, हा प्रश्न शासनाला विचारलाच पाहिजे.

बाटलीत विष आहे हे चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरला दिसू शकत नाही. त्या दोषाचे मूळ कारखान्यात आणि तपासणी यंत्रणेत आहे, हे आम्हांला मान्य आहे. परंतु एका प्रश्नाचे उत्तर दवाखान्यातच देता येण्याजोगे होते: एवढ्या लहान मुलाला खोकल्याचे औषध हवेच कशाला? केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ३ ऑक्टोबर २०२५ रोजी स्पष्ट सूचना काढली, की दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे लिहून देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांसाठीही ती सर्वसाधारणपणे योग्य नाहीत. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन यांच्या संयुक्त औषधाच्या वेष्टनावर 'चार वर्षांखालील मुलांसाठी वापरू नये' अशी सूचना छापण्याचे निर्देश निघाले होते. म्हणजे वेष्टन उलटून वाचणे हेदेखील विश्वस्ताचे काम आहे. वाचन हा आपल्या उपजीविकेचा विषय. मग बाटलीवरची चार ओळींची संहिता तेवढी आपण अस्पर्श मानावी हे विचित्र आहे.

४

आता प्रतिपक्षाचे जे म्हणणे खरे आहे त्याकडे वळू.

सातत्याला मूल्य आहे. ज्या डॉक्टरने मूल जन्मापासून पाहिले आहे त्याला त्याच्या वाढीचा आलेख, जुने आजार, नको असलेली औषधे, घरातली दम्याची वा फिट्सची पार्श्वभूमी ठाऊक असते. दर आजाराला नवा दवाखाना धरणारे आईबाप हे सारे गमावतात. म्हणूनच डॉक्टर सोडताना इतिहास मागे सोडू नये, तो बरोबर घेऊन निघावे. भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे आचारविषयक विनियम सांगतात, की दाखल केलेल्या रुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे जपली पाहिजेत आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत सोबत्याने मागितल्यास ती ७२ तासांत दिली पाहिजेत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवे विनियम अधिसूचित केले आणि त्याच महिन्यात ते स्थगितही केले. जुनेच लागू राहिले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या पुढाकाराने २०१८ मध्ये तयार झालेल्या रुग्ण-हक्कांच्या सनदेत आपल्या पसंतीच्या डॉक्टरकडून दुसरे मत घेण्याचा हक्क स्वतंत्रपणे नोंदवला आहे. 'फाइल बाहेर देत नाही' हे वाक्य म्हणजे नियम नव्हे, सवय आहे. लसीकरणाचे कार्ड तर आपल्याच घरी असते. डॉक्टर बदलला म्हणून लसी पहिल्यापासून सुरू कराव्या लागत नाहीत. राहिलेली मात्रा तेवढी पुढे घ्यायची असते.

डॉक्टर बदलण्याची चुकीची कारणेही असतात आणि ती बोलून दाखवली पाहिजेत. 'सुई दिली नाही', 'सलाइन लावलं नाही', 'नुसतं मीठ-साखरेचं पाणी द्या म्हणाले', 'औषधच लिहिलं नाही आणि फी घेतली' अशा तक्रारी करून किती तरी आईबाप उत्तम डॉक्टर सोडतात. औषध न देण्याचा निर्णय हा विद्येचा निर्णय असतो आणि त्याची फी रास्त असते. साध्या जुलाबांत क्षार-संजीवनी आणि जस्ताच्या गोळ्या देऊन, धोक्याची लक्षणे समजावून घरी पाठवणारा डॉक्टर आपल्या धंद्याचे नुकसान करून मुलाचे हित पाहत असतो. तसेच समाज-माध्यमांवरून फिरणारा निनावी मजकूर वाचून लसींना नकार देणारे आणि त्यासाठी 'आमच्या मताचा' डॉक्टर शोधणारे पालक हे विश्वस्त नव्हेत. गोवर-प्रतिबंधक लसीचा आत्ममग्नतेशी संबंध जोडणारा १९९८ चा निबंध 'लॅन्सेट'ने २०१० मध्ये मागे घेतला. त्याची अफवा अजून मागे घेतली गेलेली नाही. विश्वास उडणे आणि मनासारखे न होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या ओळखण्याची एक कसोटी आम्हांला उपयोगी वाटते: आपली तक्रार डॉक्टरच्या उत्तराविषयी आहे, की उत्तर नाकारण्याविषयी? पहिली असेल तर आणखी एकदा ऐकून घ्यावे. दुसरी असेल तर उठावे.

'खेड्यापाड्यांत पर्याय कोठे आहे?' हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. तालुक्याला एखाददुसरा बालरोगतज्ज्ञ असतो, त्याच्यापुढचा जिल्ह्याला, आणि एस.टी.चा प्रवास आजारी मुलाला सोसत नाही. हे खरे आहे आणि याचे उत्तर व्यक्तीच्या निर्धारात नाही, सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेत आहे. तरीही मध्यमवर्ग ज्या तत्परतेने 'पर्याय नाही' म्हणतो तेवढी स्थिती वाईट नसते. राष्ट्रीय वेळापत्रकातील लसी आरोग्यकेंद्रावर विनामूल्य मिळतात. ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये आहेत. अनेक जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा बालरोग विभाग आहे. तेथे रांग आहे हे खरे. पण आपल्या वर्गाला बहुधा रांग अडवत नाही, रांगेत कोण भेटेल याची लाज अडवते. आपल्यासारखे बोलू-लिहू शकणारे लोक या व्यवस्थेतून उठून गेले, म्हणून तिच्याविषयी बोलणारेही उरले नाहीत.

शेवटचा आक्षेप असा, की आधीच डॉक्टरांवर हल्ले होत असताना असे लिहून अविश्वास वाढवू नये. महाराष्ट्रात वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरील हिंसाचाराविरुद्ध २०१० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, ही आपल्या समाजाला लाज आणणारी गोष्ट आहे. पण हिंसा कोठून उगवते? अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० च्या आपल्या ग्रंथात मांडले, की एखाद्या संस्थेची गुणवत्ता घसरली की माणसापुढे दोन वाटा असतात: निघून जाणे किंवा आवाज उठवणे; आणि या दोहोंत तो काय निवडेल हे निष्ठा ठरवते. आपण डॉक्टरबाबत दोन्ही वाटांवर निष्ठेचा पहारा बसवला. प्रश्न विचारणे हा उद्धटपणा आणि निघून जाणे हा कृतघ्नपणा. मग वर्षानुवर्षे साठलेले मौन एखाद्या दुर्दैवी रात्री काचा फोडते. वेळेवर विचारलेला प्रश्न आणि वेळेवर घेतलेला निरोप यांनी डॉक्टरांचेही रक्षणच होईल. देवमाणसाला भक्त मारतात तेव्हा ते देव खोटा ठरल्याच्या संतापाने मारतात. माणसाला माणूस मानणाऱ्यांना त्याच्या चुकीचे दुःख होते, तरी हातात दगड येत नाही.

५

मग नवा डॉक्टर शोधावा कसा? येथेही 'कोणाच्या हाताला गुण आहे' अशी विचारणा करत फिरण्यापेक्षा काही साध्या गोष्टी पाहता येतात.

पहिली गोष्ट, मूल बरे असताना जावे. मध्यरात्रीचा ताप ही परीक्षा घेण्याची वेळ नव्हे. एखादी राहिलेली लस किंवा उंची-वजनाची तपासणी हे निमित्त पुरे. पदवी कोणती आणि नोंदणी क्रमांक कोठे लिहिला आहे, हे पाहावे. २००२ च्याच विनियमांप्रमाणे तो दवाखान्यात, चिठ्ठीवर आणि पावतीवर असलाच पाहिजे. वजन प्रत्यक्ष केले जाते का, ते आलेखावर मांडले जाते का, हे पाहावे. बोलणे फक्त आईबापांशी होते की मुलाशीही, हेही पाहावे. आपण 'बालरोगतज्ज्ञ' म्हणतो त्या शब्दात बाल आणि तज्ज्ञ यांच्यामध्ये रोग उभा आहे. चांगला डॉक्टर त्याच्या पलीकडे डोकावून मुलाकडे पाहतो.

दुसरी गोष्ट, एकदोन प्रश्न विचारून पाहावेत. उदाहरणार्थ, 'यांतल्या कोणत्या लसी शासनाच्या वेळापत्रकात आहेत आणि कोणत्या जादा आहेत?' कांजिण्या, हिपॅटायटिस ए यांसारख्या लसी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या शिफारशींत आहेत, परंतु राष्ट्रीय वेळापत्रकात नाहीत. त्या घेण्यात गैर काही नाही. खर्च आणि लाभ दोन्ही सांगून निवड आपल्यावर सोपवणारा डॉक्टर आणि 'सगळं घ्यायचंच असतं' म्हणून पुढच्याला हाक मारणारा डॉक्टर यांत फरक आहे. तसेच, 'औषध दिलं नाही तर काय होईल?' हा प्रश्न विचारावा. त्याचे शांत उत्तर देता येणे ही विद्येची खूण आहे.

तिसरी गोष्ट, निघताना काय सांगितले जाते ते ऐकावे. मूल पाणी वा दूध पीत नाही, सगळे उलटून टाकते, श्वास भरभर चालतो, ग्लानीत आहे, झटका आला, लघवी होत नाही: यांपैकी काही दिसले तर वाट न पाहता परत या, असे जो सांगतो त्याने आपल्याला सहभागी करून घेतले आहे. जो फक्त 'तीन दिवसांनी दाखवा' म्हणतो त्याने तारीख दिली आहे.

आणि जुन्या डॉक्टरांचा निरोप? तो शक्यतो तोंडी किंवा चार ओळींच्या चिठ्ठीने, आभार मानून घ्यावा. रात्री दार उघडल्याचे ऋण खरे असते आणि ते मान्य करायला हवे. फक्त ते ऋण आपले असते. ते मुलाच्या प्रकृतीतून फेडू नये.

६

मराठी स्त्रीच्या वैद्यकशिक्षणाचा इतिहास एका अर्भकाच्या मृत्यूशी जोडलेला आहे. आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवस जगला. पुढे १८८३ मध्ये अमेरिकेस निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथे केलेल्या भाषणात त्यांनी आपल्या जाण्याचे कारण सांगितले: या देशात स्त्री-डॉक्टरांची गरज आहे, कारण पुरुष डॉक्टरांपुढे येथील स्त्रिया आपले दुखणे मांडू शकत नाहीत. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रापासून श्री. ज. जोशी यांच्या कादंबरीपर्यंत आपण ही कथा त्यागाची, जिद्दीची, विक्षिप्त नवऱ्याची म्हणून वाचली आणि शिकवली. तिच्यातला एक साधा युक्तिवाद मात्र आपल्या नजरेतून निसटतो. डॉक्टर तेव्हाही होते. त्यांच्याशी बोलता येत नव्हते. ज्याच्याशी बोलता येत नाही तो डॉक्टर असून नसल्यासारखाच, हे त्या तरुण मुलीने जाहीर सभेत सांगितले आणि त्यासाठी समुद्र ओलांडला. आपल्याला फार तर दोन गल्ल्या ओलांडायच्या असतात.

आम्ही वर्गात विद्यार्थ्यांना सांगतो, की संहितेपुढे हात जोडून उभे राहू नका. ती काय म्हणते, कोणासाठी म्हणते आणि काय लपवते ते विचारा. हे शिक्षण परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपुरते राहणार असेल तर ते आम्ही कशासाठी देतो, असा प्रश्न आम्हांला पडतो. हे विद्यार्थी उद्या आईबाप होतील. इंग्रजीत छापलेल्या संमतिपत्रावर 'येथे सही करा' असे त्यांना सांगितले जाईल, बाळ आत नेलेले असेल आणि मागे रांग असेल. 'आधी वाचून दाखवा, मराठीत सांगा' एवढे म्हणण्याचे धैर्य त्यांना त्या क्षणी आपल्या साहित्यशिक्षणातून मिळाले नाही, तर अभ्यासक्रमातील समीक्षेच्या सगळ्या पत्रिका कोऱ्याच राहिल्या म्हणायच्या.